'बॉर्न इन द यूएसए' हे देशभक्तीचं गाणं आहे का? (२६ जानेवारीला वाजवायचं की नाही)

मानेवाडेकर
राजेहो, जरा लांब लिहून राहिलो पण पूर्ण वाचा, कारण घरात आठ दिवसांपासून याच्यावरच बोलणं चालू आहे. आमच्या लेआउटमध्ये २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की छोटा कार्यक्रम असतो, लहान पोरांची भाषणं, मग गाणी, मग तर्री-पोहा. यंदा त्यात माझ्या भाच्याचा बँड आहे, चार पोरं, दोन गिटार, एक ड्रम, एक कीबोर्ड. त्यांनी यादी दिली त्यात शेवटचं गाणं होतं अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 'बॉर्न इन द यूएसए', अन् ध्रुवपदात यूएसएच्या जागी इंडिया म्हणायचं असं पोरांनी ठरवलं होतं. भाचा म्हणे मामा एकदम देशभक्तीचं आहे, सगळे मुठी वर करून म्हणतील.

हे गाणं मी कॉलेजात असताना बर्डीवरून घेतलेल्या कॅसेटवर ऐकलं होतं, कितीतरी वर्षं फक्त ध्रुवपदच माहीत होतं. रविवारी पोरं आमच्या गच्चीवर सराव करायला आली, बाबा खुर्ची टाकून बसले होते. बाबा महार रेजिमेंटमधून रिटायर्ड, शांतिसेनेत श्रीलंकेला जाऊन आले. इंग्रजी कामापुरती. दोनदा गाणं झालं अन् त्यांनी मला विचारलं, "तो सारखा सारखा म्हणते ते समजलं, मधात काय म्हणते?" म्हणून मी मोबाईलवर शब्द काढले अन् एकेक कडवं मराठीत सांगत गेलो.

पहिलं कडवं : मेलेल्या गावात जन्मलो, जमिनीवर पडल्या पडल्या पहिली लाथ खाल्ली, मार खाऊन खाऊन कुत्र्यासारखी गत होते अन् अर्धं आयुष्य अंग चोरण्यात जाते. दुसरं : गावात काहीतरी लफडं झालं, तर हातात रायफल दिली अन् परक्या देशात माणसं मारायला पाठवलं. तिसरं : परत आलो, रिफायनरीत काम मागायला गेलो, भरती करणारा म्हणाला बेटा, माझ्या हातात असतं तर. मग माजी सैनिकांच्या ऑफिसात गेलो, तिथला माणूस म्हणाला बेटा, तुला समजत नाही का.

इथं बाबांनी मला थांबवलं. म्हणाले, "बेटा म्हणाला का तो?" मी म्हटलं हो, दोघंही. ते म्हणाले, "अन् पुढे?" मी म्हटलं पुढे काही नाही, वाक्य तिथंच तुटते. तर ते बराच वेळ गप्प बसले अन् म्हणाले, "हे गाणं झेंड्याखाली वाजवा, पण पोराईले अगोदर अर्थ सांग."

आता मला सांगा. हे देशभक्तीचं गाणं आहे, देशावर टीका करणारं आहे, की तिसरंच काही? मला वाटून राहिलं ते मी नंतर लिहीन, अगोदर तुमचं ऐकायचं आहे.

तर्री_एक्स्ट्रा
भाऊ माझं सरळ मत आहे. माणूस एवढ्या जोरात, घसा फाडून मी या देशात जन्मलो म्हणते तर त्याला त्या देशाचा अभिमान आहेच. दुःख असतं प्रत्येकाला, पण दुःख सांगूनही तो देश सोडून गेला नाही ना, शेवटपर्यंत तेच म्हणून राहिला. माझे काका ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, दिवसभर सरकारच्या नावानं बोटं मोडत अन् १५ ऑगस्टला सगळ्यात अगोदर इस्त्रीचा शर्ट घालून गेटवर उभे राहत. दोन्ही खरं होतं. पोरांना वाजवू द्या.

जुनी_कॅसेट
या गाण्याच्या अर्थावरून तिकडे थेट राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत गोंधळ झाला होता, ते सांगतो म्हणजे भाच्याला बरं वाटेल, त्याच्या आधी फार मोठी मोठी माणसं चुकली आहेत.

अल्बम आला जून १९८४ मध्ये. त्याच वर्षी नोव्हेंबरात निवडणूक होती, रोनाल्ड रेगन दुसऱ्यांदा उभे होते. सप्टेंबरात जॉर्ज विल नावाच्या नामांकित स्तंभलेखकानं स्प्रिंगस्टीनच्या कॉन्सर्टला जाऊन लेख लिहिला, की हा माणूस रडगाणं गात नाही, कारखाने बंद पडले वगैरे सांगतो पण मध्येच हे ध्रुवपद येते अन् सगळं खणखणीत होऊन जाते. काही दिवसांतच, १९ सप्टेंबरला, न्यू जर्सीतल्या हॅमंटन गावी रेगन यांनी भाषणात स्प्रिंगस्टीनचं नाव घेतलं, की अमेरिकेचं भविष्य तुमच्या स्वप्नांत आहे, तुमच्याच राज्याच्या या गायकाच्या गाण्यांतल्या आशेच्या संदेशात आहे. न्यू जर्सी म्हणजे त्याचं घरचंच राज्य. दोन-तीन दिवसांनी पिट्सबर्गला कार्यक्रम होता. पोलादाचं शहर, तेव्हा तिकडच्या भट्ट्या बंद पडून राहिल्या होत्या. तिथं स्टेजवरून तो म्हणाला की राष्ट्राध्यक्षांनी माझं नाव घेतलं, त्यांचा आवडता अल्बम कोणता असेल याचा मी विचार करतो आहे, मला नाही वाटत त्यांनी हे ऐकलं असेल, अन् लगेच 'जॉनी ९९' सुरू केलं. ते गाणं आहे मोटारीचा कारखाना बंद पडून बेकार झालेल्या माणसाचं, दारू पिऊन खून करतो अन् ९९ वर्षांची शिक्षा होते. हेच त्याचं उत्तर होतं.

रेगन तरी ५० पैकी ४९ राज्यं जिंकले. क्रायस्लर या मोटार कंपनीला जाहिरातीसाठी हे गाणं पाहिजे होतं, त्यानं दिलं नाही. त्यामुळे गाणाऱ्याच्या मनात काय होतं याबद्दल शंका ठेवायचं कारण नाही.

वर्धारोडवाली
गाणाऱ्याच्या मनात काय होतं यावर माझा वादच नाहीये. माझा वाद वेगळा आहे, त्याच्या मनात जे होतं ते त्यानं केलेल्या गाण्यात उतरलं का?

मी शाळेत मराठी शिकवते. पोरांना कविता शिकवताना एक गोष्ट रोज दिसते, मोठ्या अक्षरातलं वाचतात अन् बारीक अक्षरातलं सोडतात. हा त्यांचा दोष आहे, पण मोठं अक्षर कोणतं ठेवायचं हे लिहिणाऱ्याच्या हातात असतं. त्यानं काय मोठं केलं? ध्रुवपद. ड्रम असा की छातीवर आदळतो. अल्बमच्या मुखपृष्ठावर अमेरिकेच्या झेंड्याचे लाल-पांढरे पट्टे अन् त्यापुढे पाठमोरा उभा जीन्सवाला माणूस. पन्नास-साठ हजार लोक स्टेडियममध्ये मुठी उगारतात, त्यांना तुम्ही चुकलात म्हणायचं? इतके लोक एकाच प्रकारे चुकत असतील तर ती चूक गाण्याच्या आत आहे. राजकीय अर्थ फक्त शब्दांत नसतो, तो गाणं कुठं वाजते अन् कोण वाजवते यातही असतो. म्हणून मानेवाडेकर, तुमच्या लेआउटमध्ये झेंड्याखाली इंडिया शब्द घालून वाजलं की ते देशभक्तीचं गाणंच होणार, मधली कडवी कोणालाही समजणार नाहीत. बाबांना समजली कारण तुम्ही शेजारी बसून सांगितली.

सहा_तारा
ताई तुमचा मुद्दा वजनदार आहे, पण संगीताच्या बाजूनं जरा ऐका. मी पंधरा वर्षं गिटार शिकवून राहिलो धरमपेठेत, हे गाणं कितीतरी पोरांना शिकवलं कारण सोपं आहे. अख्ख्या गाण्यात फक्त दोन कॉर्ड (एकत्र वाजवायचे सुरांचे गट) आहेत, बी अन् ई. कडव्याला तेच, ध्रुवपदाला तेच. कीबोर्डवरचा सहा सुरांचा तुकडाही तोच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आता साधारण रॉक गाण्यात काय होते, कडवं खालच्या पट्टीत, थोडं अंधारं, अन् ध्रुवपद आलं की कॉर्ड बदलते, खिडकी उघडल्यासारखं वाटते. इथं खिडकी उघडतच नाही. ध्रुवपद आलं तरी तुम्ही त्याच खोलीत आहात, फक्त आवाज वाढला आहे. वाजवताना हे हाताला समजते. पाच मिनिटं झाली की मनगट भरून येते अन् वाटते कुठंतरी जाऊ दे बावा आता, पण गाणं कुठंच जात नाही. शेवटच्या कडव्यात तो माणूसही तेच म्हणते, दहा वर्षांपासून रस्त्यावर जळत फिरून राहिलो, पळायला जागा नाही, जायला ठिकाण नाही. म्हणजे सूर अन् शब्द एकच गोष्ट सांगून राहिले.

अन् दुसरं. हे गाणं आधी त्यानं १९८२ च्या जानेवारीत घरीच चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केलं होतं, एकटा, गिटार घेऊन. ते रेकॉर्डिंग १९९८ मध्ये बाहेर आलं. ते ऐका. शब्द जवळपास तेच, पण अंगावर काटा येते, ध्रुवपद म्हणताना आवाज असा की कोणी बंद दारामागून बोलून राहिलं. बँडसोबतचं रेकॉर्डिंगही १९८२ चंच आहे. म्हणजे दोन्ही रूपं त्याच्यासमोर होती, त्यानं मोठं वालं निवडलं. का निवडलं यावर बोलू शकतो, पण नकळत झालं असं म्हणता येणार नाही.

वर्धारोडवाली
दोन कॉर्डचं मला माहीत नव्हतं. हे ऐकून पाहते परत. पण "त्यानं मोठं वालं निवडलं" हे माझ्याच बाजूनं जाते ना सर?

कामठी_लाइन
मी २४ वर्षं नोकरी केली फौजेत, गाण्यातलं काही समजत नाही, पण व्हिएतनाम युद्धातल्या ख सान्ह या अमेरिकन तळाचा उल्लेख आहे म्हणून लिहितो.

गाण्यात तो म्हणतो की माझा भाऊ ख सान्हला होता, व्हिएत काँगशी लढत होता, ते अजून तिथंच आहेत अन् तो नाही. आता लष्करी दृष्टीनं पाहिलं तर ख सान्हला वेढा घातला होता तो उत्तर व्हिएतनामच्या नियमित सैन्यानं, व्हिएत काँग म्हणजे दक्षिणेतले गनिमी लढवय्ये, ते वेगळे. पण सामान्य सैनिक समोरच्याला एकाच नावानं ओळखतो, त्यामुळे कवीला माफ आहे. महत्त्वाचं पुढचं आहे. वेढा १९६८ च्या जानेवारीत पडला, ७७ दिवस चालला, अमेरिकेच्या मरीन सैनिकांनी तळ सोडला नाही, हजारो टन बॉम्ब टाकले आजूबाजूच्या डोंगरांवर. अन् त्याच वर्षी जुलै महिन्यात अमेरिकेनं स्वतःच तो तळ मोडून टाकला अन् निघून गेले. आता ज्याचा भाऊ त्या ७७ दिवसांत गेला त्यानं काय समजायचं? ज्या जागेसाठी गेला ती जागा तीन महिन्यांत नको झाली. "ते अजून तिथंच आहेत, तो नाही" हे वाक्य साधं दिसते, पण ज्याला ख सान्हचा शेवट माहीत आहे त्याच्यासाठी अख्ख्या युद्धाचा हिशोब त्यात आहे. ५८ हजारांवर अमेरिकन गेले त्या युद्धात.

मानेवाडेकर, तुमचे बाबा शांतिसेनेत होते म्हणता. त्यांना माझा जयहिंद सांगा.

मानेवाडेकर
सांगितला साहेब. त्यांनी विचारलं कोणती युनिट, मी म्हटलं विचारतो.

आता माझं लिहितो. ख सान्हचं कडवं मी बाबांना सांगितलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली जी इतक्या वर्षांत कधी दिसली नव्हती. बाकी कडवी चार ओळींची आहेत. हे कडवं तीन ओळींचं आहे. भाऊ ख सान्हला होता, ही एक. व्हिएत काँगशी लढत होता, दोन. ते अजून तिथं आहेत, तो नाही, तीन. चौथ्या ओळीची जागा आहे, ताल चालू आहे, कीबोर्डचा तुकडा चालू आहे, पण गाणारा गप्प आहे. मग त्यानंतर येते की सायगावला त्याची एक प्रिया होती, तिच्या मिठीतला त्याचा एक फोटो माझ्याकडे आहे. बस. मी बाबांना बोटावर मोजून दाखवलं, तर ते म्हणाले, "चौथी ओळ भाऊच होता ना."

मी ते वाक्य तसंच्या तसं लिहून ठेवलं.

बाबा १९८७ च्या शेवटी गेले श्रीलंकेला. जुलैत करार झाला होता, आपली फौज शांतता राखायला गेली अन् ऑक्टोबरमध्ये ज्यांची शस्त्रं जमा करायची त्या एलटीटीईशीच लढाई सुरू झाली. त्यांच्या रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ ला गेले, त्यांना परमवीर चक्र मिळालं, ते नाव घरात फार आदरानं घेतलं जाते. जवळजवळ बाराशे जवान गेले आपले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परत आली तेव्हा मद्रासच्या बंदरावर स्वागताला तामिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री आले नाहीत, हे बाबांनी मला दहादा सांगितलं असेल, रागानं नाही, फक्त सांगायचे. नंतर श्रीलंकेनं कोलंबोजवळ आपल्या जवानांचं स्मारक बांधलं, तेही सांगायचे. परत आल्यावर दोन वर्षांत ते रिटायर झाले अन् पायाच्या जखमेच्या पेन्शनसाठी एका ऑफिसच्या चकरा सुरू झाल्या. ऑफिसचं नाव लिहीत नाही. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा, सायकलच्या दांड्यावर बसून सोबत जायचो. खिडकीतला माणूस वाईट नव्हता. तो म्हणायचा, "दादा, तुमचं सगळं बरोबर आहे, पण..." अन् पुढचं वाक्य कधी आलंच नाही. फाईल बंद करायचा अन् चष्मा काढून पुसायचा. बाबा खिशातून कागद काढून परत परत काउंटरवर ठेवायचे, डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाचा कागद, शाळेचा दाखला सुद्धा, जो कोणी मागितला नव्हता.

म्हणून मला वाटते ते असं. त्या गाण्यात दोन माणसं बोलतात, दोघंही बेटा म्हणतात अन् दोघंही वाक्य अर्धं सोडतात. 'माझ्या हातात असतं तर...' 'तुला समजत नाही का...' अन् तिसऱ्या कडव्यानंतर ध्रुवपद येतच नाही, नुसतं नाही नाही असं ओरडणं येते, मग भाऊ, मग फोटो, मग तुरुंगाची सावली, रिफायनरीच्या ज्वाळा, अन् तेव्हा कुठं जाऊन शेवटी ध्रुवपद परत येते. ते ध्रुवपद म्हणजे फुशारकी पण नाही अन् देशाला टोमणा पण नाही. तो काउंटरवर ठेवलेला जन्माचा दाखला आहे. त्या दोघांना दिलेलं उत्तर आहे. मी इथं जन्मलो ना? मग माझं वाक्य पूर्ण करा.

आता मराठीत करायचं तर 'अमेरिकेत जन्मलो' असं नाही करता येत, ते पासपोर्टच्या फॉर्मसारखं वाटते. आपल्याकडे तो 'ना' पाहिजे. "इथलाच आहे ना मी." त्या 'ना'मध्ये हक्क पण आहे अन् विनवणी पण आहे अन् राग पण.

जुनी_कॅसेट
चौथ्या ओळीचं आत्ता लावून ऐकलं. अगदी खरं आहे. इतकी वर्षं ऐकून राहिलो हे गाणं, तो रिकामा भाग मला फक्त ड्रमसाठी सोडलेली जागा वाटायची.

एक भर घालतो. स्प्रिंगस्टीन स्वतः व्हिएतनामला गेला नाही, वैद्यकीय तपासणीत नापास झाला. पण त्याच्या पहिल्या बँडचा ड्रमर गेला अन् १९६७ मध्ये तिकडेच मारला गेला. १९८१ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला त्यानं व्हिएतनामच्या माजी सैनिकांसाठी मदतीचा कार्यक्रम केला, त्यानंतर हे गाणं लिहिलं, आधी त्याचं नाव नुसतं 'व्हिएतनाम' होतं. नुसतं व्हिएतनाम ठेवलं असतं तर रेगन यांनी कधीच नाव घेतलं नसतं.

इंदोऱ्याची_लेक
सगळे वाचून राहिले ते छानच आहे, पण एका गोष्टीवर कोणीच बोललं नाही. मानेवाडेकर दादा, तुम्ही दुसऱ्या कडव्याचं मराठी करताना "परक्या देशात माणसं मारायला पाठवलं" असं केलं. मूळ ओळीत नुसतं माणसं नाही, "पिवळा माणूस" मारायला असं आहे. तो शब्द तुम्ही गाळला. बाबांसमोर म्हणून गाळला असेल, मी समजू शकते, पण राजकीय अर्थ काढायचा तर तोच शब्द सगळ्यात राजकीय आहे.

मला तो शब्द गाणाऱ्याचा वाटत नाही, तो ज्यांनी रायफल हातात दिली त्यांचा आहे, त्यांच्या तोंडचा शब्द या पोराच्या तोंडात बसला आहे. गावात ज्याला कुत्र्यासारखं मारलं त्याला सांगितलं की तुझ्यापेक्षा खालचा कोणीतरी तिकडे आहे, जा मार. हे आपल्याला नवीन नाही. उतरंड अशीच टिकते, प्रत्येकाला खाली एक पायरी दाखवायची.

पण माझी खरी तक्रार ही आहे की त्या माणसाला गाण्यात तोंड नाही. व्हिएतनामी लोक किती मेले याचा हिशोबच नाही, ते फक्त "ते अजून तिथं आहेत" एवढेच आहेत. अन् ती सायगावची बाई, तिचं काय झालं? दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव १९७५ ला पडलं. जिचा माणूस अमेरिकन सैनिक होता ती बाई मागे राहिली असेल तर तिनं काय भोगलं असेल? तिच्यासाठी गाण्यात दोन ओळी अन् एक फोटो. माझ्यासाठी हे अमेरिकेच्या गरिबाचं खरं गाणं आहे, पण ते अमेरिकेच्या गरिबापाशीच थांबते.

वर्धारोडवाली ताईंच्या मुद्द्यावर पण सांगते. १४ एप्रिलला अन् धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आमच्याकडे जी गाणी वाजतात ती बाहेरच्यानं रस्त्यावरून जाताना ऐकली तर त्याला काय वाटते, की लोक नाचून राहिले, मजा चालू आहे. ढोलकी आहे, बँजो आहे, कोरस आहे. शब्द ऐकले तर पाणवठा आहे, उपास आहे, शिकून साहेब झालेला पोरगा आहे. जलशापासून हेच आहे. दुःख सांगायचं म्हणून रडक्या चालीत सांगायचं असा काही नियम नाही. ज्याला आयुष्यभर हळू बोल म्हटलं त्याला मोठ्यानं म्हणायचं असते. त्यामुळे स्टेडियम, ड्रम, मोठा आवाज ही मला चूक नाही वाटत. ज्यांनी मधलं ऐकलं नाही त्यांना ऐकायचंच नव्हतं.

वर्धारोडवाली
हे मला पटलं. संपूर्ण नाही, पण मोठ्या आवाजाबद्दलचं पटलं. मी गाणं वाचून राहिले होते, कोण मोठ्यानं बोलून राहिलं अन् त्याला मोठ्यानं बोलायची पाळी का आली हे मी धरलंच नव्हतं. तरी मुखपृष्ठावरच्या झेंड्याबद्दल माझी शंका तशीच आहे.

मानेवाडेकर
ताई, इंदोऱ्याच्या ताई म्हणतोय, तो शब्द मी गाळला हे खरं आहे. वाचताना जीभ अडली. आज संध्याकाळी बाबांना सांगितलं की एक शब्द मी सोडला होता, तो असा होता. बाबांनी विचारलं, "तिकडल्या लोकाईले म्हणते का?" मी म्हटलं हो. ते म्हणाले, आम्हालाही जाण्याआधी तिकडच्या लोकांबद्दल काय काय सांगितलं होतं, अन् मग जाफन्याजवळ एका घरात म्हातारीनं विहिरीचं पाणी काढून दिलं, तिच्या घराची भिंत आदल्याच दिवशी पडली होती. कोणाच्या गोळ्यानं पडली ते बाबांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकली.

मिलवाल्याचा_पोरगा
मी सहसा फक्त वाचतो, आज लिहावं वाटलं. गाण्यात रिफायनरी दोनदा येते. एकदा काम मागायला जातो तेव्हा, अन् शेवटी परत, तुरुंगाच्या सावलीत रिफायनरीच्या ज्वाळांजवळ. म्हणजे काम नाही मिळालं तरी तो तिथंच घुटमळून राहिला. माझे वडील आपल्या नागपुरातल्या एका कापड गिरणीत साचावर होते. गिरणी बंद पडली त्यानंतर सहा-सात महिने ते रोज सकाळी डबा घेऊन निघायचे अन् गेटसमोरच्या चहाच्या ठेल्यावर बसून दुपारी परत यायचे. आई डबा भरून द्यायची. दोघांनाही माहीत होतं. ती तुरुंगाची अन् ज्वाळांची ओळ मला त्या ठेल्यासारखी वाटली. यात देशभक्ती आहे की विरोध ते मला ठरवता येत नाही. वडील मतदानाला सगळ्यात पहिले जायचे, तर्री_एक्स्ट्रा भाऊंच्या काकांसारखे.

तर्री_एक्स्ट्रा
दादा वाचून गलबलून आलं. मी वरती गाणं गाणं आहे अशा भावनेनं लिहिलं होतं. अभिमान आहे हे माझं मत अजूनही आहे, पण त्या अभिमानाची बाकी वसूल व्हायची आहे असं आता म्हणेन.

एकच सांगतो, यूएसएच्या जागी इंडिया घालू नका. गाणं ज्याचं आहे त्याच्या देशाचंच राहू द्या. आपलं म्हणायचं असेल तर आपलं लिहा.

सहा_तारा
याला माझा शंभर टक्के पाठिंबा. शब्द बदलला की ख सान्ह अन् सायगावचं काय करणार? मधली कडवी गाळावी लागतील, अन् मग पोरं तेच करतील जे १९८४ मध्ये भाषणं देणाऱ्यांनी केलं. मानेवाडेकर, पोरांना माझ्याकडे पाठवा, कीबोर्ड अन् ड्रमशिवायचं रूप बसवून देतो. स्प्रिंगस्टीनही नव्वदच्या दशकात एकटा फिरला तेव्हा नुसत्या गिटारवर हे म्हणायचा. पैसे घेणार नाही.

मानेवाडेकर
पाठवतो सर. खूप खूप आभार.

(२७ जानेवारी)

मानेवाडेकर
काल झालं. सगळ्यांनी विचारलं म्हणून लिहितो.

भाच्यानं आधी उभं राहून मराठीत कडवी सांगितली, कागदावरून वाचून, दोन मिनिटं लागली. "पिवळा माणूस"पाशी तो थांबला अन् सांगितलं की हा शब्द आमचा नाही, शिकवलेला आहे. लहान पोरं पोह्याच्या लाईनीकडे पाहून राहिली होती, पण मोठी माणसं ऐकून राहिली होती. मग दोन गिटारवर गाणं झालं. ड्रमवाला पोरगा नुसता बाजूला मांडी घालून बसला होता. यूएसएच म्हटलं. एकानं मागून विचारलं की झेंडावंदनाला अमेरिकेचं गाणं काहून, तर पहिल्या रांगेतून बाबाच म्हणाले, "फौजीचं आहे, ऐकून घ्या."

भावाचं कडवं आलं, तीन ओळी झाल्या, पोरांनी चौथी जागा रिकामी सोडली, फक्त एका गिटारवर तो सहा सुरांचा तुकडा. बाबा मांडीवर हात ठेवून बसले होते. गाणं संपल्यावर टाळ्या झाल्या, बऱ्यापैकी झाल्या. पोरं बाबांच्या पाया पडायला आली तेव्हा भाच्यानं विचारलं, आजोबा कसं झालं? ते म्हणाले, "चांगलं झालं. पण भावानंतर लवकर सुरू केलं तुम्ही."

कामठी_लाइन
जयहिंद.

सहा_तारा
किती सोडलं होतं मध्ये? चार मात्रा?

मानेवाडेकर
हो सर, चार.

सहा_तारा
पुढच्या वेळी आठ सोडायला सांगा.